‘क्लिक’ झालं तर जमलं!

मिल की एमओए? लांब पल्ल्याच्या नेमबाजीत शिरलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच पडणारा हा प्रश्न. टेक्सासमधल्या एका मराठी जोडप्याचा त्यावरून अख्खा वीकेंड वाया गेला. त्या वीकेंडची ही गोष्ट आणि त्यामागचं गणित. घाबरू नका, गणित सोपं आहे!

“उजवीकडे दीड!”

वहिनीने दुर्बिणीवरून डोळा न काढताच सांगितलं. शेजारी पालथा पडलेल्या दादाने मान हलवली, नेम थोडा उजवीकडे सरकवला, श्वास रोखला आणि चाप ओढला. समोर ८०० यार्डांवर, म्हणजे पाऊण किलोमीटरला जरासं कमी अंतरावर, अठरा इंच रुंदीची स्टीलची पाटी टांगलेली होती. गोळी लागली की दोनेक सेकंदांनी ‘टण्ण’ असा मस्त आवाज येतो. आम्ही कान टवकारले. आवाज नाही.

पहिली गोळी पाटीच्या मध्यापासून फूटभर डावीकडे गेली होती. ही दुसरी गेली अडीच फूट उजवीकडे!

“अरे, डावीकडे साडेतीन!” वहिनीचा आवाज आता चढला होता.

तिसरी गोळी जवळजवळ सहा फूट डावीकडे. तिचा धुरळा माझ्यासारख्या नवखीलासुद्धा छोट्या बायनॉक्युलरमधून दिसला. वहिनी जितकी मदत करत होती, तितका दादाचा नेम बिघडत होता. दोन मिनिटं संपली, शिट्टी झाली. माझ्या हातातल्या कागदावर मी त्यांच्या नावापुढे एक छानसा भोपळा काढला.

परतीच्या दोन तासांत गाडीत फक्त जीपीएसवाली बाई बोलत होती.

दीड, पण दीड काय?

हे दोघे म्हणजे माझा मामेभाऊ आणि त्याची बायको. दोघंही आयटीवाले. ग्रीन कार्ड आल्यावर लोक घर घेतात, यांनी घर तर घेतलंच, पण दोन रायफलीही घेतल्या. दादाला हा नाद ऑफिसातल्या मित्रामुळे लागला. वहिनीचं प्रकरण जुनं आहे. पुण्यात कॉलेजला असताना ती एनसीसीत होती. पॉइंट टू टू रायफलने जमिनीवर पालथं पडून पंचवीस मीटरवर गोळ्या एकाच ठिकाणी कशा घालायच्या, हे ती तिथे शिकली. “ग्रुपिंग माझं, बाकी सगळं याचं,” असं ती हसत सांगते. खरं सांगायचं तर दोघांत नेम तिचाच चांगला आहे. पण हे दादासमोर बोलायचं नाही!

त्या दिवशीची मॅच जोडीची होती. एकाने गोळी झाडायची, दुसऱ्याने दुर्बिणीतून ती कुठे पडली ते बघून दुरुस्ती सांगायची. मग अदलाबदल. एरवी दोघं आपापली रायफल घेऊन वेगवेगळे खेळायचे. एकत्र खेळायची ही पहिलीच वेळ.

रात्री जेवताना उलगडा झाला. वहिनीच्या दुर्बिणीत खुणा होत्या एमओएच्या. दादाच्या रायफलीवरचा स्कोप होता मिलचा. वहिनीने ‘दीड’ सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं. दादाने ‘दीड’ केलं तेही बरोबर होतं. फक्त तिचं दीड आणि त्याचं दीड यांत जवळजवळ साडेतीनपट फरक होता. दीड एमओए म्हणजे ८०० यार्डांवर साडेबारा इंच. दीड मिल म्हणजे त्याच अंतरावर त्रेचाळीस इंच. आता बोला!

बटण नेमकं करतं काय?

आधी बेसिक फंडा क्लिअर करू. रायफलीतून सुटलेली गोळी सरळ रेषेत जात नाही. बाहेर पडल्या क्षणापासून ती खाली यायला लागते आणि वाराही तिला बाजूला ढकलतो. शंभर यार्डांवर हे फारसं जाणवत नाही. हजार यार्डांवर मात्र गोळी कित्येक फूट खाली आलेली असते. म्हणून नेमबाज स्कोपवरची दोन गोल बटणं फिरवतो. वरचं बटण उंचीसाठी, बाजूचं वाऱ्यासाठी. यांना टरेट म्हणतात. फिरवलं की ‘कट् कट्’ वाजतं. ती प्रत्येक कट् म्हणजे एक क्लिक.

क्लिक म्हणजे इंच नव्हे, सेंटिमीटरही नव्हे. क्लिक म्हणजे कोन. बटण फिरवलं की नेमाची रेषा एका ठरलेल्या कोनातून वळते. तो कोन शंभर यार्डांवर एवढासा दिसतो आणि हजार यार्डांवर बरोबर दहापट होतो. पिझ्झाची फोड आठवा. मध्यावर निमुळती, कडेला रुंद. फोड तीच, कोन तोच. रुंदी किती, ते तुम्ही मध्यापासून किती लांब आहात त्यावर ठरतं.

हा कोन मोजायच्या दोन रीती आहेत आणि सगळं भांडण तिथूनच सुरू होतं.

पहिली रीत एमओए, म्हणजे मिनिट ऑफ अँगल. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाची ६० मिनिटं. म्हणजे पिझ्झाचे २१,६०० तुकडे! त्यातला एक तुकडा शंभर यार्डांवर १.०४७ इंच रुंद असतो. मीटरमध्ये बोलायचं तर १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. बहुतेक एमओए स्कोपची एक क्लिक पाव एमओएची असते.

दुसरी रीत मिल, म्हणजे मिलिरेडियन. पिझ्झाच्या मध्यापासून कडेपर्यंत जेवढं अंतर, तेवढाच दोरा कडेवर ठेवा. त्या दोऱ्याने जो कोन होतो तो एक रेडियन. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिल. त्यामुळे हिशेब एकदम सुटसुटीत होतो. हजार मीटरवर एक मिल म्हणजे एक मीटर. शंभर मीटरवर दहा सेंटिमीटर. मिल स्कोपची एक क्लिक बहुधा ०.१ मिलची असते, म्हणजे शंभर मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर.

“म्हणजे मिल मेट्रिकवाल्यांचं आणि एमओए इंचवाल्यांचं, असंच ना?” मी शहाणपणा केला.

“इथेच सगळे फसतात,” दादा म्हणाला. “मिलला मीटरशी देणंघेणं नाही. हजार यार्डांवर एक मिल म्हणजे एक यार्ड. हजार फुटांवर एक फूट. हजार वितींवर एक वीत! कोन आहे गं तो, त्याला कसलं आलंय मेट्रिक?”

पत्रिकेतली ‘कला’

एमओए हे नाव तुम्हाला परकं वाटत असेल, तर जरा थांबा. घरातली जन्मपत्रिका काढा. ग्रहांपुढे राशी, अंश, कला, विकला असे आकडे दिसतील. साठ विकलांची एक कला, साठ कलांचा एक अंश. ही कला म्हणजेच मिनिट ऑफ अँगल! आईने स्थळांसाठी माझी पत्रिका ज्या उत्साहाने मेल केली आहे, त्या पत्रिकेतला चंद्र एमओएमध्येच मोजलेला आहे. पाव एमओएची क्लिक म्हणजे पंधरा विकला.

आणखी एक गंमत आहे. एका मिलमध्ये एमओए किती? ३.४३८. हा आकडा नेमबाजांना पाठ असतो. आता आर्यभट आठवा. इसवी सन ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने ‘आर्यभटीय’ लिहिलं. त्यातल्या ज्यांच्या कोष्टकात त्याने वर्तुळाचा परीघ २१,६०० कला धरला, तर त्रिज्या येते ३,४३८ कला. म्हणजे एका रेडियनमध्ये ३,४३८ मिनिटं. त्याला हजाराने भागा, झाला मिल आणि एमओएचा हिशेब! ‘रेडियन’ हा शब्द छापून आला १८७३ मध्ये, बेलफास्टमधल्या एका परीक्षेच्या पेपरात. आकडा मात्र आपल्याकडे चौदाशे वर्षं आधीपासून होता.

मी हे रात्री सांगितलं तेव्हा दादा खूश झाला. वहिनी म्हणाली, “छान. पण आर्यभटाला जोडीने मॅच खेळायची नव्हती.”

कोण जास्त अचूक?

दुकानात, रेंजवर, मित्रांत, सगळीकडे हाच वाद. एमओएवाल्यांचा मुद्दा असा की आमची क्लिक बारीक. आणि ते खरं आहे. पाव एमओए म्हणजे हजार यार्डांवर २.६ इंच. ०.१ मिल म्हणजे त्याच अंतरावर ३.६ इंच.

पण यातून किती फायदा होतो ते बघा. तुम्हाला हवा असलेला कोन दोन क्लिकच्या मध्ये पडला, तर जास्तीत जास्त चूक अर्ध्या क्लिकची. म्हणजे हजार यार्डांवर एमओएमध्ये १.३ इंच, मिलमध्ये १.८ इंच. फरक अर्धा इंच. आणि त्याच हजार यार्डांवर वाऱ्याचा अंदाज जरासा चुकला तरी गोळी फूटभर बाजूला जाते. वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तो अर्ध्या इंचाला काय विचारणार?

मिलवाल्यांचा मुद्दा असा की आमचे आकडे छोटे. समजा हजार यार्डांसाठी ९.१ मिल लागतात. तेच एमओएमध्ये ३१.२५. घाईत, घामात, घड्याळ टिकटिकत असताना “नऊ पॉइंट एक” म्हणणं आणि लक्षात ठेवणं सोपं. क्लिकसुद्धा ९१, तिकडे १२५. अंतर काढायलाही मिल सोयीचं. अर्धा मीटर उंचीची पाटी स्कोपमध्ये ०.८ मिल दिसते? मग अर्धा मीटर गुणिले हजार, भागिले ०.८. उत्तर ६२५ मीटर. एमओएमध्येही हे जमतं, पण इंचांना आधी ९५.५ ने गुणावं लागतं, तेव्हा यार्ड मिळतात. तोंडी करून बघा!

थोडक्यात काय, तर अचूकतेत दोघं बरोबरीत. एक किलो तांदूळ आणि एक हजार ग्रॅम तांदूळ यांत जास्त भात कशाचा होतो, असं विचारण्यासारखंच आहे हे.

इंचांचा मोह

मग लोक चुकतात कुठे? वहिनीच्या मते, डोक्यात भाषांतर करताना.

“आमच्याकडे सगळे नवीन लोक हेच करतात,” ती सांगत होती. “गोळी बघायची, ‘सहा इंच डावीकडे’ असं ठरवायचं, मग अंतराने भागायचं, मग क्लिक मोजायच्या. तोवर वारा बदलतो. अगं, इंच कशाला हवेत? स्कोपच्या काचेत खुणा आहेत ना? पट्टीच आहे ती. गोळी मध्यापासून किती खुणा लांब पडली ते बघ आणि तेवढंच फिरव. मिल दिसले तर मिल फिरव, एमओए दिसले तर एमओए.”

काचेतल्या या खुणांच्या जाळीला रेटिकल म्हणतात. रेटिकल आणि टरेट एकाच भाषेत असले की गणितच उरत नाही. आज हे उघड वाटतं, पण बरीच वर्षं तसं नव्हतं. जाळी मिलची आणि बटणं एमओएची असे स्कोप सर्रास विकले जायचे. अमेरिकन लष्कराच्या एम-२४ स्नायपर रायफलीवरचा स्कोपही याच प्रकारातला होता. काचेत बघायचं एका भाषेत आणि बोटांनी करायचं दुसऱ्या भाषेत. मध्ये ३.४३८ चा गुणाकार. आजही सेकंडहॅंड बाजारात स्वस्तात मिळणारा चांगला स्कोप दिसला की आधी हे तपासा. स्वस्त असण्याचं कारण तेच असू शकतं.

इंचांच्या मोहाचा दुसरा तोटा जरा छुपा आहे. ‘एक एमओए म्हणजे शंभर यार्डांवर एक इंच’ असं सगळे सांगतात. खरा आकडा आहे १.०४७. काही स्कोपची बटणं खरोखरच एक इंचाच्या हिशेबाने बनवलेली असतात. फरक पाच टक्क्यांहूनही कमी. पण हजार यार्डांवर ३० एमओए फिरवले की खऱ्या एमओएत होतात ३१४ इंच आणि इंचवाल्यात ३००. चौदा इंचांचा घोळ! पाटी अठरा इंचांची असेल, तर नेम मध्यावर असूनही गोळी पाटीबाहेर.

मंगळावरचा भोपळा

दादाच्या भोपळ्याला फार हसू नका. याहून मोठे भोपळे निघालेत. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे निघालं. सप्टेंबर १९९९ मध्ये, मंगळाशी पोचता पोचता ते गमावलं. चौकशीत काय निघालं? जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने इंजिनाच्या धक्क्याचा आकडा पौंडांच्या हिशेबात दिला आणि घेणाऱ्यांनी तो न्यूटनचा समजून वापरला. फरक साडेचारपट. दोन्हीकडचे इंजिनिअर हुशार होते. आकडा बरोबर होता. एकक कुणी बोललं नाही, एवढंच.

आपण तरी वेगळं काय करतो? फ्लॅट बघायला जातो तेव्हा एजंट चौरस फुटांत बोलतो आणि कागद चौरस मीटरमध्ये असतात. गावी काका गुंठ्यात बोलतात. जो तो आपापल्या एककात शहाणा असतो. प्रश्न दोघांनी मिळून एक काम करायचं असलं की येतो.

मग निवडायचं कसं?

त्या रात्री दादा-वहिनीचं भांडण इथवर येऊन अडलं. कुणी बदलायचं?

“तू मिल घे. सगळे मिलच वापरतात,” दादा.

“का? माझा स्कोप चांगला आहे. मी इंचांत विचार करत नाही, तू करतोस. मग मी का बदलू?” वहिनी.

मुद्दा पैशांचाही होता. चांगला स्कोप कधी कधी रायफलीपेक्षा महाग पडतो. आणि खरं सांगायचं तर मुद्दा फक्त पैशांचाही नव्हता. ज्याचा नेम चांगला, त्यानेच का म्हणून नमतं घ्यायचं? मी ताटातलं संपवून गुपचूप उठले.

सकाळी पाहिलं, तर वहिनी वही घेऊन बसली होती. तिने पानाच्या मधोमध रेघ मारली होती. एका बाजूला ‘मी कशावर नेम धरते’, दुसऱ्या बाजूला ‘मी कुणाशी बोलते’. मला वाटतं, स्कोप घेणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं.

पहिला प्रश्न, कशावर नेम धरता? कागदी टार्गेटवरची एफ-क्लास नावाची स्पर्धा असते. तिथे स्कोप चालतो आणि अंतर हजार यार्डांपर्यंत. हजार यार्डांच्या अमेरिकन टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं, म्हणजे जवळजवळ एक एमओएचं. आतलं सगळ्यात छोटं एक्सचं वर्तुळ त्याच्या निम्मं. टार्गेटच एमओएत आखलंय म्हटल्यावर एमओए स्कोप सोयीचा. अंतर माहीत असतं, गोळ्या निवांत झाडायच्या असतात, बारीक क्लिकचा उपयोग होतो. काही जण तर पाव सोडून एक-अष्टमांश एमओएची क्लिक घेतात. वहिनीला मनापासून हेच आवडतं.

दुसरीकडे स्टीलच्या पाट्या, वेगवेगळी अंतरं, बदलता वारा, दीड-दोन मिनिटांची घाई. या स्पर्धांत अमेरिकेत आता जवळपास सगळे मिल वापरतात. मिल अचूक म्हणून नव्हे, तर सगळे वापरतात म्हणून! तुमच्या आधीचा खेळाडू उठता उठता “वारा पॉइंट सहा धरला” असं म्हणतो. ते तुम्हाला जसंच्या तसं वापरता आलं पाहिजे. तिथे गुणाकार करत बसलात तर वेळ गेली.

म्हणजे दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा. कुणाशी बोलता? एकटे खेळत असाल, तर मनाला येईल ते घ्या. जोडीदार, कोच, क्लब असेल, तर त्यांची भाषा घ्या. मराठी घरात लहानाचं मोठं झालेलं पोर मराठी बोलतं, ते काही मराठी व्याकरण सोपं म्हणून नाही.

वहिनीच्या पानावर उजव्या बाजूला पहिलं नाव दादाचं होतं.

आपल्याकडे काय?

तुम्ही म्हणाल, आपले ऑलिम्पिकवाले मिल वापरतात की एमओए? तर त्यांच्या रायफलीवर दुर्बीण नसतेच! ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत वस्तू मोठी दाखवणारा स्कोप चालत नाही. मागे बारीक भोकाची चकती, पुढे एक कडं, त्यातून नेम. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं, ते अशाच उघड्या डोळ्यांच्या साइटवर. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. पन्नास मीटरवरून ते केवढं दिसतं? ०.२ मिल. किंवा ०.७ एमओए. किंवा पाऊण कलेलाही कमी! त्या साइटलाही क्लिक असतात आणि खेळाडू वारा बदलला की त्या फिरवतात. म्हणजे कोनाची भाषा त्यांनाही चुकलेली नाही.

पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर एअर रायफल शिकणारी मुलं आज भरपूर दिसतात. त्यांचं अंतर दहा मीटर. एवढ्या जवळून पाव एमओए म्हणजे पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी आणि ०.१ मिल म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. अंतर कमी झालं की वादही छोटा होतो. संसारातही तसंच असावं बहुधा!

स्कोप घेण्यापूर्वी एवढं बघाच

• जाळी आणि बटणं एकाच एककात हवीत. मिल-मिल किंवा एमओए-एमओए. याला अपवाद नाही.

• जोडीदाराच्या दुर्बिणीतल्या खुणाही त्याच एककात असाव्यात.

• झूम बदलल्यावर जाळी लहान-मोठी होते का ते बघा. होत असेल, तर तो स्कोप ‘फर्स्ट फोकल प्लेन’चा आणि खुणा प्रत्येक झूमवर खऱ्या. होत नसेल, तर ‘सेकंड फोकल प्लेन’चा आणि खुणा एका ठरावीक झूमवरच खऱ्या. बटणाच्या क्लिक मात्र दोन्हीत कायम सारख्याच.

• एमओए खरं की एक इंचवालं, ते माहितीपत्रकात वाचा. रेंजवर उंच कागदावर पट्टी आखून तपासून घेतलं तर सोन्याहून पिवळं.

• लष्करी होकायंत्रावरचा मिल आणि स्कोपचा मिल वेगळे. खऱ्या हिशेबाने वर्तुळात ६,२८३ मिलिरेडियन बसतात. नाटोच्या होकायंत्रावर सोयीसाठी ६,४०० धरतात. जुन्या सोव्हिएत पद्धतीत ६,०००.

• अंतर मीटरमध्ये मोजा नाहीतर यार्डांत, कोनाला फरक पडत नाही. पण गोळी किती खाली येते त्याचा तक्ता ज्यात केलाय, अंतरही त्यातच मोजा.

शेवटी कोण जिंकलं?

वहिनीने जोडीच्या मॅचसाठी मिल घेतला. दादाचं ऐकून नव्हे, स्वतःची वही वाचून. तिचा लाडका एमओए स्कोप तिच्याकडेच आहे. तो ती कागदी टार्गेटच्या स्पर्धांना लावते आणि तिथे दादाला फक्त सामान उचलायला नेते. बदल्यात तिने दोन अटी घातल्या. एक, इंच हा शब्द रेंजवर काढायचा नाही. दोन, नुसता आकडा बोलायचा नाही, आकड्यामागे एकक आलंच पाहिजे. ‘दीड’ नाही, ‘दीड मिल’.

मी पुण्याला परतले आणि महिन्याभराने दादाचा फोटो आला. स्कोअरचा कागद. दहापैकी सहा. खाली मेसेज : “आम्ही आता एकमेकांशी बोलतो!” पुढे हसरा चेहरा. त्यापुढे वहिनीचा वेगळा मेसेज : “सहातल्या चार माझ्या.”

इकडे आईची स्थळं चालूच आहेत. परवा एकाचे छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले म्हणून ती जाम खूश होती. अंश, कला, विकला सगळं बघून झालं. मी म्हटलं, आई, ते सगळं ठीक आहे गं, पण एकदा भेटून विचारू दे. मी ‘पाच मिनिटांत येते’ म्हणते तेव्हा त्याच्या हिशेबात ती किती होतात!